मांडीखाली दाबलेले हात

सात वर्षांपूर्वी सेलूच्या आठवडी बाजारात वाटलेलं एक पिवळं पत्रक तुमच्यापैकी कोणी वाचलं होतं का, आणि वाचून 'बरोबर आहे' म्हणत मान हलवली होती का? हलवली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. त्या पत्रकाखाली 'एक जागरूक तरुण' अशी सही होती. तो तरुण नव्हता, तरुणी होती. पत्रक मी लिहिलं होतं. ज्याच्यावर लिहिलं तो माझा आत्येभाऊ शालिक ताकसांडे, आमच्या वस्तीतून विमानात चढलेला पहिला माणूस, आणि चढला तोच चालवायला... गेल्या महिन्यात सिंदी मेघेच्या भाड्याच्या घरात वारला. बेचाळीस वर्षांचा होता. मी वर्ध्याला वडिलांच्या छापखान्यात मुद्रितं तपासत होते. शेजारच्या औषधाच्या दुकानात फोन आला, दुकानदार आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, पायलटसाहेब गेले. हातातलं मुद्रित मी शेवटपर्यंत तपासलं, मगच उठले. काय तपासलं ते आता आठवत नाही.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. छापून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली आणि पुढची बाजू वाचत वाढले. त्यामुळे जगात दोनच प्रकारची माणसं असतात असा माझा पक्का समज होता, लढणारी आणि सोडून जाणारी. शालिकदादा अर्थातच पहिल्या रकान्यात होता. सरकारी शिष्यवृत्तीवर तो नागपूरच्या एका फ्लाइंग क्लबात विमान शिकला आणि पुढे तिथंच शिकवायला लागला. सेलूहून सकाळच्या गाडीनं जायचा, दिवसभर कुणाकुणाच्या पोरांना आकाशात फिरवून आणायचा आणि संध्याकाळी धुळीनं माखून परत यायचा. आत्या म्हणायची, हा विमानात जाते का बैलगाडीत, काही समजत नाई. रविवारी मात्र तो आमचा असायचा. वस्तीच्या विहारात तो दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडायचा, शिकणाऱ्याच्या दोन गुडघ्यांमध्ये केरसुणीचा दांडा उभा धरायला लावायचा, पायांखाली पेडल म्हणून दोन विटा. दांडा पुढे म्हणजे नाक खाली, मागे म्हणजे नाक वर. आम्ही पंधरा-वीस पोरंपोरी पाळीपाळीनं त्या खुर्चीत बसून हिंगणघाटपर्यंत जाऊन यायचो. त्यातल्या तिघांनी पुढे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले आणि एकाला ती मिळालीही. ही गोष्ट तेव्हा आमच्या वस्तीला किती मोठी होती, हे ज्यांच्या मुलांना असल्या खुर्चीची गरज पडली नाही त्यांना कळायचं नाही.

शिकवण्याची त्याची एक रीत होती. तो शेजारच्या खुर्चीत दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवून बसायचा आणि शिकणाऱ्यानं कितीही घोळ घातला तरी ते उचलायचा नाही. क्लबातही तसंच करतो म्हणायचा. त्या छोट्या विमानात दोघांपुढेही दांडा असतो. शिकवणाऱ्याचे हात मांडीवर दिसले की शिकणाऱ्याला समजतं, आता विमान आपलं आहे. खाली उतरल्यावर आधी जमलेलं सांगायचं आणि मग चूक, तीही एकच. दोन सांगितल्या तर माणूस दोन्ही विसरतो, असं त्याचं मत होतं.

आणीबाणी उठल्यानंतर दोनेक वर्षांनी एका सरकारी विमान कंपनीत त्याची को-पायलट म्हणून निवड झाली. आत्यानं गल्लीत पेढे वाटले. दादा मुंबईला गेला आणि रविवारचा वर्ग बंद पडला. पुढचे दोन रविवार पोरं विहाराच्या पायरीवर येऊन बसली, तिसऱ्या रविवारी आली नाहीत. मी अठरा वर्षांची होते आणि माझ्याकडे छापखाना होता. आणखी काय पाहिजे? एका बैठकीत पत्रक लिहिलं. पंख मिळताच घरटं विसरणारे, साहेबांच्या टोप्या घालून आपल्याच माणसांच्या डोक्यावरून उडणारे, एक दिवस खाली येतीलच, वगैरे वगैरे. नाव घातलं नाही, पण सेलूत पायलट एकच होता. वडिलांनी मजकूर वाचला, चष्मा काढला, एवढंच विचारलं की त्याला दाखवलंस का. मी म्हणाले, शत्रूला मसुदा दाखवतात का? मग त्यांनीच छपाईचे खिळे जुळवले.

पत्रक खूप वाचलं गेलं, याचा मला अभिमान होता. बाजारात ते भजी बांधायलाही वापरलं गेलं, याचं दुःख नव्हतं. भज्यांबरोबर ते आणखी घरांत पोचलं. आत्याच्या घरीही पोचलं. दिवाळीला दादा आला तेव्हा थेट छापखान्यात आला. मी भांडणाच्या तयारीनं उभी राहिले. तो स्टुलावर बसला, वडिलांशी पावसापाण्याचं बोलला, मग खिशातून घडी केलेलं पिवळं पत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. 

"वंदे, चांगलं लिवलं," तो म्हणाला. "सुरुवात तं एकदम धारदार हाये. चूक एकच हाये. तू मले इचारलं नाई."

एवढंच. मग चहा प्यायला आणि गेला. त्या क्षणी सुद्धा मी विचारू शकले असते. तो विचारण्यासाठी जागा सोडूनच बोलला होता, हे आज कळतं. पण तेव्हा मला वाटलं, हा मला विद्यार्थी समजतो... आणि मी ताठ राहिले. पुढची सहा वर्षं आमच्यात लग्नाकार्यापुरतं बोलणं होतं. त्याचं विमान कधी कधी नागपूरला उतरायचं, पाऊण तास थांबायचं आणि निघून जायचं. तो घरी येणार नाही हे माहीत असूनही आत्या त्या दिवशी जास्तीची भाकर टाकायची.

दर सहा महिन्यांनी वैमानिकांची डॉक्टरी तपासणी होते. अशाच एका तपासणीत त्याच्या हृदयात दोष निघाला आणि उडणं कायमचं थांबलं. टेबलावरचं काम मिळत होतं, ते त्यानं घेतलं नाही. कुंदावहिनी परिचारिका, त्यांना वर्ध्याला नोकरी मिळाली, म्हणून दोघं सिंदी मेघेला येऊन राहिले. वस्तीत काही जण म्हणाले, आला ना खाली. हे वाक्य माझ्याच पत्रकातून उचललेलं होतं. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कसं ओशाळायला होतं, ते तेव्हा समजलं. माझ्यातली रग तोवर बरीच ओसरली होती. किती पत्रकं लिहिली, किती माणसं रकान्यांत बसवली... आणि वर्ग काही कुणी पुन्हा सुरू केला नाही. मीही नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी त्यांच्याकडे गेले. तो घरासमोरच्या मोकळ्या मैदानात एका दगडावर बसून वहिनींना लूना शिकवत होता. वहिनी लांबवर भेलकांडत होत्या आणि तिथूनच त्याला शिव्या घालत होत्या, मागून धरायले माणूस नाई अन् म्हणे शिकवते. तो हसत होता. मी जवळ जाऊन बसले तेव्हा दिसलं, दोन्ही हात त्यानं मांडीखाली दाबून धरले होते. मांडीवर नव्हे, मांडीखाली. थंडी वाजते का, मी विचारलं. तो म्हणाला, नाही, हे हात आता ऐकत नाहीत. आणि मग वहिनींवरची नजर न काढता त्यानं सहा वर्षं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

क्लबात भंडाऱ्याकडचा एक विद्यार्थी होता, सगळ्यांत हुशार. त्याला पहिल्यांदा एकट्यानं उडवायचा दिवस आला. दादा खाली उतरला, आपल्या रिकाम्या आसनाचा पट्टा नीट बांधला, म्हणजे तो सुटून दांड्यात अडकू नये, आणि त्याला सांगितलं, मी नसल्यानं विमान हलकं होईल, पटकन वर जाईल, घाबरू नको. पोरगं छान वर गेलं. उतरताना आडवा वारा आला, एक पंख खाली गेला, विमान उलटलं. पोरगं जगलं, पण कमरेखाली अधू झालं. चौकशी झाली, शिकवणाऱ्याची चूक नाही असं ठरलं. दादा पुन्हा कामाला लागला.

"पण मंग हात राहेच ना मांडीवर," तो म्हणाला. "समोरच्यानं जराक चुकावं, तवाच तं तो शिकते. तेवढं थांबता आलं पाह्यजे. मले थांबता येईना. पोरगं चुकायच्या आधीच माह्या हात दांड्यावर. त्याले वाटे आपल्याले येते, अन् चालवून राह्यलो मी. असा मास्तर कोन्या कामाचा? मोठ्या विमानात बाजूले कॅप्टन रायते, त्याले माह्यापक्षा जास्त येते. तिथं मले कोनाले एकटं सोडा लागत नोतं."

मी विचारलं, मग रविवारचा वर्ग? तिथं तर नुसत्या खुर्च्या होत्या. तो म्हणाला, खुर्चीतून उठून ती पोरं एक दिवस खऱ्या विमानात बसणार होती ना. 

मला माफी मागायची होती. दादा, ते पत्रक... एवढं मी म्हणाले. त्यानं मान हलवून मला थांबवलं, कारण वहिनी मैदानाच्या टोकाला वळत होत्या, लूना एका बाजूला कलली होती, आणि त्याचे दोन्ही दंड थरथरत होते. हात मात्र मांडीखालून निघाले नाहीत. वहिनी सावरल्या. वळल्या. 

आता त्या रोज सकाळी एकट्या लूनावर कामाला जातात. कोपऱ्यावर वळताना क्षणभर थांबून वारा कुठून येतो ते बघतात. लूनाला त्याची काही गरज नसते.

माफी माझ्याकडेच राहिली. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावात शाळा, संघटना, वाचनालय, काहीतरी मनापासून चालवणारा आणि एक दिवस सोडून गेलेला माणूस असेलच. त्याच्याबद्दल तुमचं मतही ठरलेलं असेल. येत्या रविवारी त्याच्या घरी जा. 'काऊन सोडलं, दादा?' एवढं विचारा, आणि तो बोलेपर्यंत तिथून उठू नका.