मेहुण्याचा घोडा

चष्मेवाल्याने उभ्या आयुष्यात कुणाला एक प्यादंही फुकट दिलं नव्हतं. दुकानात काच घासणारा हातच पटावर चालायचा: आधी मोजायचं, पुन्हा मोजायचं, मग हलवायचं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बहुतेक डाव तोच जिंके. त्याचा डाव बघायला मात्र कुणी थांबत नसे.

गर्दी व्हायची ती मेहुण्याभोवती. बायकोचा हा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. नखांत कायम कुठला ना कुठला रंग. डाव धड सुरूही झालेला नसायचा, तोच हा आपला घोडा उचलून समोरच्याच्या राखलेल्या प्याद्यावर घालायचा. घोडा जायचा, हाती लागायचं एक प्यादं. पुस्तकाच्या हिशेबाने शुद्ध वेडेपणा. "चला, आता मजा," म्हणत तो उरलेली प्यादी समोरच्याच्या अंगावर सोडायचा. निम्मे डाव हरायचा, आणि हरला की सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

घरी ताटावर बसलं की बायको विचारायची, "आज आमच्या पेंटरने घोडा दिला का?"

"दिला."

"मग?"

मग ती ऐकत राहायची आणि हसायची. "तुम्ही जिंकलात का?" हे तिने कधी विचारलं नाही. ते ती धरूनच चालायची. चष्मेवाल्याच्या पोटात दुखायचं ते इथे.

हा घोडा एकदा पचवून दाखवायचाच, असं त्याने ठरवलं. गिऱ्हाईक नसताना काउंटरवर पट मांडून बसू लागला. उत्तर सापडलं: घोडा खायचा, प्यादी अंगावर आली की आपला एक मोहरा परत देऊन टाकायचा. वादळ तिथेच बसतं.

रविवारी दोघे समोरासमोर आले. लोक जमले. मेहुण्याने घोडा घातला, चष्मेवाल्याने खाल्ला. प्यादी धावत आली, त्याने शांतपणे उंट देऊन टाकला. थोड्याच वेळात मेहुण्याने राजा आडवा केला.

"भावजींनी अख्खा घोडा खाल्ला," तो लोकांना म्हणाला, "आणि साधा ढेकर नाही दिला."

खोली हसली.

तिथला नियम असा: हरेल तो उठेल, जिंकेल तो बसून राहील. मेहुणा उठून खिडकीजवळच्या पटावर गेला. खोली त्याच्यामागे गेली. चष्मेवाल्यासमोर येऊन बसले ते निवृत्त कंपाउंडर.

दोघांनी पहिल्या खेळ्या केल्या. खिडकीकडून हशा आला. चष्मेवाल्याचा हात जरा वेळ पटावर अधांतरी राहिला. मग त्याने घोडा उचलला आणि राखलेल्या प्याद्यावर घातला.

कंपाउंडरांनी पटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हळूच म्हणाले, "हात चुकला तुमचा. मागे घ्या."

"नाही, मुद्दामच घातला."

"तुम्ही? आणि मुद्दाम?" मारलेलं प्यादं त्यांनी स्वतःच उचलून जागेवर ठेवलं. "घ्या हो. रोज थोडेच चुकता तुम्ही."

त्याने घोडा मागे घेतला. तो डावही त्यानेच जिंकला.

ताटावर बायकोने विचारलं, "आज पेंटरने घोडा दिला का?"

"दिला. हरला. माझ्याकडून."

"अगं बाई. मग काय म्हणाला तो?"

चष्मेवाल्याने घास खाली ठेवला आणि ढेकराचं सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.