भट्टीनं खाल्लेला दगड

हे म्या बायकोले नाई सांगतलं, तांड्यात नाई सांगतलं, होळीच्या नशेतबी तोंडातून निघू नाई देल्लं. तुमाले काहून सांगून राह्यलो? तुमी वयखीचे नाई म्हणून. आन् आधीच सांगतो — कीव करू नका. मले ते खपत नाई.

माहं काम असं. यवतमाळात खोलीत बसून एका संस्थेसाठी तक्ते भरतो. कोणत्या देशानं सिमेंट, चुना, लोखंड करताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, वर्षावर्षाचं. कोळशाच्या धुराचा रकाना येगळा, खुद्द दगडातून निघणाऱ्या वायूचा येगळा. चुनखडी भाजली का तिच्यातला वायू उडते, वजन निम्म्याच्या जवळपास येते, उरते तो चुना. श्रीमंत देशाइनं आपल्या भट्ट्या आधी पेटवून घेतल्या, आता आमच्याकडं बोट दाखवतात — यावर मीटिंगीत म्या लय भांडलो. दाखवाचं तर सगळ्याइचं दाखवा, पहिल्या दिवसापासून दाखवा! लोक म्हणतात, माणूस खऱ्याचा हाये. खऱ्याचा! हट्.

बीएस्सी करून घरी बसलो होतो, तवा थावराकाकानं मले वणीकडच्या एका चुनाभट्टीवर लावून देल्लं. थावराकाका म्हणजे माह्या बापाचा चुलतभाऊ, तिथला मुकादम. आमी केळापूरकडच्या तांड्यातले बंजारे. आमचे पणजे बैलाइवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरले, आन् तांड्याची अब्रू एकच — जेवढा माल उचलला, तेवढाच उतरवला. काका भट्टीवरबी तसाच वागे. दगड टोपल्यानं मोजून आत, चुना टोपल्यानं मोजून बाहीर. भाजल्यावर दगडाचा आकार राहते, म्हून टोपले जुळत. टोपलं हलकं लागते हे हमालाइले ठाऊक होतं. काका हसून म्हणे, भट्टी खाते.

मंग भट्टीच्या म्हाताऱ्या सेठाचा पोरगा कारभार पाहाले आला. त्यानं वजनकाटा बसवला. आत गेलं किती न् निघालं किती हे पाहून त्याचे डोळेच पांढरे झाले. सगळ्या मजुराइपुढं काकाले उभं केलं — माल कुठी इकतं, सांग. भट्टीले का तोंड हाये?

काकानं माह्याकडं पाह्यलं. घाबरला नव्हता. उलटा खुशीत होता.

"हा शिकलेला हाये, इचारा याले," तो म्हणे. "साची बोल, बेटा. खरं खरं सांग."

मले ठाऊक होतं. कॉलेजात चुनखडीतल्या या वायूवर म्या प्रयोग केलता, माह्या हातानं. आन् म्या म्हटलं, "थोडी घट येते. पण इतकी नाई येत."

बस. इतकंच.

काहून? भ्यालो होतो? नाई. कोणी धमकी देल्ली होती? तेबी नाई. काका रोज, भेटल त्याले, ट्रकवाल्याले, चहावाल्याले, माह्या खांद्यावर हात ठेवून सांगे — म्याच आणलं याले! त्या हाताचा मले इट आलता. वाटे, एकदा तरी यानं माह्यापुढं मान खाली घालावी. घातली त्यानं.

तांड्यात नसाब बसली — आमची पंचायत. नायकानं, तांड्याच्या मुखियानं इचारलं, तर काका काय म्हणे? पोरगा शिकलेला हाये, तो खोटं काहून बोलन, माह्याच डोळ्याखालून माल गेला असन. चोरी केली नव्हती तरी चोराचा मुकादम ठरला, तेबी माह्या शब्दावर इश्वास ठेवून. मंग काकूले घेऊन राळेगावकडं कापूस येचाले निघून गेला. मुकादमकी मले भेटली. घेतली म्या.

औंदा होळीले तांड्यात गेलतो. काका आता थकला, तांड्यातच राहते. बाजेवर बसून काम करून राह्यलो होतो. लॅपटॉपवर भट्टीचा फोटो पाहून तो जवळ आला, हे काय म्हणे. म्या सवयीनं सांगून बसलो — दगडातला वायू हवेत जाते काका, साऱ्या जगात त्याचं मोजमाप ठेवतात.

त्यानं फोटोतल्या भट्टीवर बोट ठेवलं. मंग म्हणे, "म्हणजे भट्टी खरंच खाते?"

"हो."

"तवा तुले ठाऊक नसन, नाई का रे?"

आता तर सेठबी समोर नव्हता. मुकादमकीबी नव्हती. तरी म्या म्हटलं, "नाई काका. हे आता नवीन निघालं."

तो तसाच उठला न् नायकाच्या दारापुढं सगळा तांडा गोळा केला. माह्या पोरानं माही अब्रू वापस आणली, म्हणे. आपल्या डोक्यावरचं पागोटं सोडलं न् माह्या डोक्याले बांधलं. त्याले बांधता यावं म्हणून म्या मान खाली घातली.

तवा लहान होतो, असं म्हणणार नाई. मोठे देश आपला धूर झाकतात, त्यापुढं माहं खोटं केवढंसं, असंबी म्हणणार नाई. मले ठाऊक होतं. दोन्ही येळा.

पागोटं माह्या खोलीत खुंटीवर हाये. म्या ते वापस नाई केलं.