स्पर्धा कुठं भरवायची

त्या वर्षी मी टीम घेऊन शहरात गेले तेव्हा माझ्याबरोबर फक्त पाच मुली होत्या. कोर्टवर पाच जणी लागतात, म्हणजे बदलीला एकही नाही. सरावाला नऊ जणी यायच्या. उरलेल्या चौघींना घरून सोडलं नव्हतं, कारण स्पर्धेसाठी एक रात्र मुक्काम करावा लागायचा. पहिल्याच मॅचमध्ये, मध्यंतरानंतर, एकीचा पाय मुरगळला. बाकीच्या चौघी शेवटपर्यंत खेळल्या. समोरच्या मुली इतक्या सभ्य होत्या की शेवटची पाच मिनिटं त्यांनी जोर लावायचंच सोडून दिलं. ते मला हरण्यापेक्षा जास्त लागलं.

मी घोडेगावकडून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर, शिनोलीजवळच्या एका लहान कॉलेजात खेळ शिकवते. माझ्या मुली बहुतेक डोंगरातल्या वाड्यांवरच्या. घरी भात, नाचणी, वरई. सकाळी कॉलेजला येताना चार-पाच किलोमीटर चालत येणाऱ्या. त्यांच्या पायांत दम कमी आहे असं कुणी म्हणालं तर मी भांडायला उठेन. पण आमची टीम बाहेर गेली की बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत यायचा, प्रत्येक वेळी. आणि मीच ओरडायचे, "पायातनं जोर लाव! दमलीस का एवढ्यात?"

आमच्या विभागातल्या कॉलेजांची मुलींची बास्केटबॉल स्पर्धा कुठं भरवायची हे एक समिती ठरवते. सलग बरीच वर्षं ती शहरालगतच्या एकाच मोठ्या कॉलेजात होत होती. तिथं बंद हॉल आहे, लाकडी कोर्ट आहे, पावसापाण्याची काळजी नाही. पुढच्या वर्षी समितीवर माझं नाव आलं. पहिल्या बैठकीत मी चाचरत म्हणाले, "एकदा तरी जुन्नर-आंबेगावात घेऊ या. आमच्या मुलींना मुक्काम जमत नाही."

समितीत आम्ही तिघंच. अध्यक्ष निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे, सगळं वहीत लिहून घेणारे. दुसरे त्या मोठ्या कॉलेजचे तरुण सर. ते लगेच म्हणाले, "मॅडम, भावना ठीक आहे. पण कोर्ट कुठं आहे?"

अध्यक्षांनी वही मिटली. "बघून येऊ. कुणाकुणाची तयारी आहे ते कळवा."

दोन कॉलेजांनी तयारी दाखवली. एक जुन्नर तालुक्यातलं, पिंपरी पेंढारच्या बाजूला. दुसरं आमचं. खरं सांगायचं तर आमच्या प्राचार्यांना पत्र द्यायला मीच भरीस घातलं होतं. कोर्ट आमच्या दारात असेल तर नऊच्या नऊ मुली खेळतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पाहणीला आठ दिवस असताना मी कोर्टची डागडुजी काढली. पांढऱ्या रेघा पुन्हा ओढायच्या होत्या म्हणून गवंड्याकडून लोखंडी टेप मागून आणली. रेघा झाल्यावर सहज म्हणून मी आमच्या कॅप्टनला स्टुलावर चढवलं. ही डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीवरची मुलगी, उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. म्हटलं, "रिंगपासून जमिनीपर्यंत धर."

मी खाली वाकून आकडा वाचला. पुन्हा वाचला. रिंग दहा फुटांवर असायला हवी. टेपवर नऊ फूट आठ इंच होते.

"दुसऱ्या बाजूला बघू," मी म्हणाले. तिथंही तेवढंच.

मग लक्षात आलं. दोन वर्षांपूर्वी कोर्टला भेगा पडल्या तेव्हा वर काँक्रीटचा नवा थर टाकला होता. जमीन चार इंच वर आली. खांब होते तिथंच राहिले. आणि माझ्या, खेळाच्या शिक्षिकेच्या, डोक्यात ते एकदाही आलं नाही.

कॅप्टन स्टुलावरनं खाली उतरली. तिनं रिंगकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मॅडम, म्हंजी आमी दोन वर्सं खालच्या रिंगीवर खेळतोय?"

"हो."

"म्हणून भायेर गेलं की बॉल फुडंच लागतोय व्हय?"

दोन वर्षं मी ज्या ज्या मुलीवर ओरडले होते त्या सगळ्या डोळ्यांपुढं आल्या. एक तर रडत रडत बसमध्ये चढली होती. कॅप्टनला मात्र वेगळंच वाटलं. तिचा चेहरा उजळला. "मंग आमचं काय चुकत न्हवतं!" असं म्हणत ती बाकीच्यांना सांगायला पळाली.

मी प्राचार्यांकडं गेले. ते टेबलावर पाहणीच्या दिवसाची यादी करत बसले होते, हार, नारळ, नाश्ता. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चार इंच? लांबून कुणाला दिसणार आहे? ते काय टेप घेऊन येणार आहेत का? जागा आपल्याला मिळू द्या, मग बघू."

मी "बरं" म्हणाले. या "बरं"ची मला आजही लाज वाटते. पण तेव्हा मी स्वतःलाच समजावलं की रिंग काय, नंतर वर घेता येईल. मुलींच्या स्वच्छतागृहाचंही मी असंच मागं टाकलं. आमच्याकडं दोनच आहेत आणि पाणी सकाळी दहापर्यंत असतं. दहा-बारा टीमच्या मुली आल्या तर काय होईल, याचा विचार मनात आला की मी दुसरं काहीतरी काम काढायचे.

पाहणीच्या दिवशी सकाळी दोघं सर आमच्याकडं आले. अध्यक्षांनी कोर्टभोवती एक फेरी मारली, वहीत काहीतरी लिहिलं. तरुण सरांनी बाह्या सरसावल्या आणि बॉल मागितला. लांबून पाच शॉट मारले. पाचही आत.

"वा!" ते हसून म्हणाले. "मॅडम, तुमची रिंग फार मायाळू आहे."

कोर्टच्या कडेला माझ्या मुली ओळीनं उभ्या होत्या. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी पण हसले. पुढ्यात ठेवलेले पोहे मात्र मला गिळवेनात.

तिथनं अध्यक्षांच्या गाडीतनं आम्ही तिघं जुन्नर ओलांडून पिंपरी पेंढारच्या बाजूला निघालो. दोन्हीकडं ऊस, मधेच कांद्याची रोपं. तरुण सर मोबाईलवर बोलत होते. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. सर, एक सांगायचं राहिलं. सर, आमच्या कोर्टवर जरा. एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

ते दुसरं कॉलेज साधंच होतं. कोर्ट उघड्यावर, पण सपाट. तिथले खेळाचे सर आमच्याआधीच टेप घेऊन उभे होते. "मोजून घ्या, म्हंजी नंतर वाद नको," म्हणाले. अध्यक्षांनी स्वतः टेप धरली. दहा फूट, बरोबर. मुलींसाठी वेगळी इमारत, तिथं दिवसभर पाणी. कोर्टाच्या तिन्ही बाजूंना ऊस होता, म्हणून अध्यक्षांनी विचारलं, "आणि बिबट्याचं काय?"

"हाय ना सर," ते सर शांतपणे म्हणाले, जणू शेजाऱ्याबद्दल सांगत होते. "म्हणून तर जाळीचं कुंपण केलंय. आनि आमी शेवटची मॅच चारला संपवनार. पाचच्या आत समद्या गाड्या रस्त्याला लागल्या पायजेत. ह्यात ढिलाई न्हाई."

मग आम्ही त्यांच्या स्टाफरूममध्ये बसलो. चहा आला. ते सर बाहेर गेले, आम्ही तिघंच उरलो.

तरुण सर म्हणाले, "दोन्ही ठिकाणं बघितली. प्रामाणिकपणे सांगतो, आमच्या हॉलची सर कशालाच नाही. तिथंच घ्या."

मग मी बोलले. आदल्या वर्षी चौघी जणी कशा खेळल्या ते सांगितलं. वाडीवरचा बाप मुलीला शहरात रात्रभर ठेवायला का तयार होत नाही ते सांगितलं. अध्यक्ष ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "पटतंय. एवढी वर्षं आपण हा विचारच केला नाही. मग असं करू, मॅडम, ज्यांची अडचण त्यांच्याच दारात घेऊ. तुमच्याच कॉलेजात."

मला हवं होतं ते सगळं समोर ठेवलेलं होतं. नुसती मान हलवायची होती.

"सर, नको," मी म्हणाले.

दोघंही बघायला लागले.

"आमची रिंग चार इंच खाली आहे. दोन्हीकडची. मला आठ दिवसांपूर्वी कळलं. आणि मुलींसाठी दोनच स्वच्छतागृहं आहेत, पाणी दहापर्यंतच. मी हे सकाळीच सांगायला हवं होतं."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "मग का नाही सांगितलंत?"

"हिंमत झाली नाही."

तरुण सरांनी एकदम कपाळावर हात मारला. "तरीच! पाचच्या पाच आत! मला वाटलं माझा हात बसला." आणि ते मोठ्यानं हसले. अध्यक्षही हसले. मला हसू आलं नाही, पण समोरचा गार झालेला चहा मी उचलून संपवला. सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी घशाखाली उतरलं.

हसणं थांबल्यावर तरुण सर म्हणाले, "मग इथंच घेऊ या ना. मॅडमच्या मुली सकाळी निघून संध्याकाळी घरी जातील. आमच्या मुलींना हॉल रोजचाच आहे. दोन दिवस उन्हात खेळल्या तर काय झिजणार नाहीत." ज्यांच्याशी मी वर्षभर मनातल्या मनात भांडत होते, ते हे बोलत होते. अध्यक्षांनी वहीत एक ओळ लिहिली, खाली रेघ मारली. झालं.

प्राचार्यांना काय सांगायचं याची धास्ती होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं, रिंगचंही. ते खुर्चीत मागं टेकले. दोन्ही हात तोंडावरनं फिरवले.

"सुटलो," ते म्हणाले.

"सर?"

"अहो, बारा टीम, जेवणं, मांडव, पाहुणे. पत्र दिल्यापासून धड झोप नव्हती मला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण रिंग तेवढी वर घ्या. हे बरोबर नाही."

घोडेगावहून वेल्डिंगवाला आला, एका सकाळीत दोन्ही रिंग चार इंच वर गेल्या. त्यानंतरचे पंधरा दिवस मुलींचे हाल बघवत नव्हते. एकही बॉल आत जाईना. पण कुणी कुरकुरलं नाही. भाताची कापणी चालू होती, सकाळी शेतात वाकून दुपारी त्या सरावाला यायच्या आणि "मॅडम, अजून दहा" म्हणून थांबायच्या. मी ओरडणं सोडून दिलं होतं. जमेना तेव्हा जवळ जाऊन हात धरून दाखवायचे, एवढंच.

परवानगीसाठी मी नऊ घरं फिरले. सगळ्यात अवघड कॅप्टनचं. आदल्या वर्षी तिच्या वडिलांनी होकार दिला होता, पण लोकांनी बोल लावले म्हणून पुन्हा मुक्काम नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी गेले तेव्हा ते खळ्यावर भात झोडत होते. मला बघून पेंढी बाजूला ठेवली.

"मुक्काम हाय का, मॅडम?"

"नाही. दोन्ही दिवस संध्याकाळी घरी."

"कितीला?"

"साडेसहा-सातपर्यंत वाडीच्या फाट्यावर."

त्यांनी लेकीकडं बघितलं. ती दारात उभी होती. "मंग जाऊ द्या की. मी कुटं नगं म्हणतोय? ते लोकांनी लई डोस्कं खाल्लं व्हतं, म्हणून." आणि मग जरा लाजत विचारलं, "बघाया आलं तर चालतंय का?"

डिसेंबरातल्या त्या सकाळी आमची क्रूझर निघाली तेव्हा आत नऊ मुली, मी आणि पुढच्या सीटवर कॅप्टनचे वडील. धुकं होतं. मुली खेटून बसल्या होत्या, कुणाचा तरी डबा कुणाच्या तरी मांडीवर.

पहिली मॅच आम्ही तीन गुणांनी जिंकलो. चौथ्या क्वार्टरमध्ये मी दोघींना बाहेर घेऊन दोघींना आत पाठवलं. बाकीच्यांना ही रोजची गोष्ट. मला मात्र बेंचवर बदलीच्या मुली बसलेल्या बघून भरून आलं. दुसऱ्या दिवशी शहरातल्या टीमशी गाठ पडली. हरलो, चांगल्या फरकानं हरलो. पण समोरच्या मुलींना शेवटच्या मिनिटापर्यंत पळावं लागलं. कॅप्टनचे वडील जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांना नियम कळत नव्हते. कुणाचाही बॉल आत गेला की ते टाळ्या वाजवत होते, शहरातल्या मुलींचा सुद्धा.

जेवायला पिठलं, भाकरी आणि खर्डा होता. मला कुणाची सोय बघायची नव्हती, कुणाचं पाणी संपलं म्हणून धावायचं नव्हतं. ते सगळं पिंपरी पेंढारचे सर बघत होते, घामाघूम होऊन. मी मांडवात मांडी घालून बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या. तरुण सर ताट घेऊन शेजारी येऊन टेकले. "मॅडम, तुमची सात नंबरची मुलगी चांगली आहे. पुढच्या वर्षी विभागाच्या निवडीला पाठवा," म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच तिला सांगा. ते ताट घेऊन तसेच उठले आणि तिला सांगून आले.

त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा माझा नवरा अंगणात नळाला पाइप जोडत होता. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, "जिंकलात काय?"

"नाही, हरलो."

"मग एवढी खूश कशी?"

मी पायरीवर बसले, बूट काढले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. तो पाइप सोडून शेजारी येऊन बसला.