हातमोज्यांमागचं कार्ड

जुन्या कंट्रोल पॅनेलचं दार उघडलं की आधी वास येतो. तापलेल्या धुळीचा, वॉर्निशचा, वर्षानुवर्षं ऊब सोसून कडक झालेल्या वायरींचा. निवृत्त होऊन बराच काळ लोटला. तरी दुपारी या रिकाम्या घरात पंखा घरघरू लागला की तो वास कुठूनसा येतो, आणि मी सातपूरच्या कारखान्यांच्या त्या गल्लीत जाऊन उभा राहतो.

तुम्ही यंत्रं पाहिली असतील; यंत्राचा मेंदू पाहिला आहे का? कपाटातल्या पुस्तकांसारखी ओळीनं उभी असलेली हिरवी कार्डं आणि त्यांवर लुकलुकणारे इवले दिवे. दसऱ्याला हार यंत्राला पडायचा, पण हळदकुंकवाची बोटं आम्ही पॅनेलच्या दारावर उमटवायचो, कारण जीव कुठे आहे ते आम्हाला ठाऊक होतं. मग एक दिवस बनवणाऱ्यांचं पत्र येतं, की हे कार्ड आता बनत नाही. यंत्र धडधाकट असतं, रोज राबत असतं, आणि जगात त्याचं नात्याचं कुणी उरलेलं नसतं. किती एकाकी असावं ते जिणं!

आमच्या कारखान्याच्या भिंतीपलीकडे दुसरा कारखाना होता. तिथल्या देखभालीचं काम सोनवणे पाहायचा, इथलं मी. दोघांच्या पॅनेलमध्ये एकाच जातीची कार्डं. शेजारणी वाटीभर साखर उसनी घेतात, तसे आम्ही भिंतीवरून सुटे भाग उसने घ्यायचो. आणि दोघांकडेही नसलं, की दोघं मिळून अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात जायचो. हा आमचा अलिखित रिवाज होता. बंद पडलेल्या गिरण्यांची पॅनेलं तिथे उताणी पडलेली असत. भंगारवाला युसूफभाई लांबूनच ओरडायचा, "आले का डॉक्टरसाब! आज कोणाचं काळीज काढायचं?" सोनवणे उकिडवा बसून स्क्रू सोडवत म्हणायचा, "काळीज नको, चहा सांग. हा जाधव उपाशीपोटी लय चुका करतो." एकदा एकाच पॅनेलमधून दोन चांगली कार्डं निघाली. एक त्यानं घेतलं, एक मी. त्या दिवशी चहा पिताना आम्ही लग्नघरातल्यासारखे खूश होतो.

त्याचं कार्ड लवकरच कामी आलं, आणि पुढे ऐन हंगामात तेही जळालं. तो आमच्या फाटकाशी आला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. "जाधव, तुझं ते कार्ड दे. लाइन बंद पडलीये."

"नाही रे," मी म्हणालो, "माझंही लागलं."

कार्ड माझ्या कपाटात होतं, पाकिटात घालून जुन्या हातमोज्यांच्या मागे. आपलं यंत्र उद्या बंद पडलं तर, ही भीती आमच्या धंद्यात प्रत्येकाच्या उशाशी असते. पण भीती हे कारण झालं, समर्थन नव्हे. त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि निघाला. मुंबई पालथी घातली, दिल्लीपर्यंत जाऊन आला. तोवर मालकानं ठरवून टाकलं होतं, की सोनवणेनं स्पेअर ठेवला नाही, सोनवणे गाफील. नोकरी सोडून तो निफाडजवळच्या आपल्या गावी, भावाच्या द्राक्षबागेत निघून गेला.

इथवरचं पाप भित्र्या माणसाचं म्हणता येईल. पुढचं काय म्हणावं? गल्लीत नव्या माणसाला शिकवताना एक गोष्ट सांगायची प्रथा पडली: सोनवणेसारखं करू नका, स्पेअर ठेवा. ती गोष्ट मीही सांगत असे. चांगली रंगवून सांगत असे.

आमच्या यंत्राला त्या कार्डाची गरज कधी पडलीच नाही. नवं पॅनेल आलं, जुनं भंगारात गेलं, आणि कुणाला ठाऊकच नसलेलं ते कार्ड माझ्यासोबत घरी आलं. पत्नी असेपर्यंत घरात बोलणं होतं, त्या आवाजाखाली ते दडून राहिलं. ती गेली, आणि कपाटातलं ते पाकीट मला ऐकू येऊ लागलं.

परवा बसनं निफाडला गेलो. सोनवणे ओसरीवर बसला होता. पांढरा झालेला, पण हात तेच, स्क्रू पकडणारे. मी पाकीट पुढे केलं आणि जे होतं ते सांगितलं. त्यानं कार्ड बाहेर काढलं, उन्हात धरलं. स्मृती जागी ठेवणारी त्यावरची छोटी बॅटरी कधीच पाझरली होती; हिरवट क्षारानं तांब्याच्या रेघा खाऊन टाकल्या होत्या.

"बॅटरी काढून ठेवायची असते रे," तो म्हणाला.

ते मला माहीत नव्हतं थोडंच! पण लपवल्यानंतर ते पाकीट उघडून पाहायचं धैर्य मला झालं नव्हतं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," कार्ड खिशात ठेवत तो म्हणाला. "तुझ्याकडं खरंच नसतं, तर तू माझ्याबरोबर शोधायला आला असतास."

बागेतून औषधाच्या फवारणीचा उग्र दर्प येत होता. त्यानं जेवायला थांब म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. बसची वेळ झाली तेव्हा मात्र पायांत चपला सरकवल्या आणि स्टँडपर्यंत माझ्या अर्धं पाऊल पुढे चालत राहिला. भंगार बाजारात चालायचा तसा, नजर जमिनीवर ठेवून, काहीतरी शोधत असल्यासारखा. कार्ड त्याच्याच खिशात राहिलं.

सातपूरच्या त्या गल्लीत ती गोष्ट अजून कुणी सांगत असेल, तर त्याला माझं एवढंच मागणं आहे: गोष्ट सांगा, फक्त नाव बदला. सोनवणेकडे स्पेअर होता. तो भिंतीपलीकडे, जाधवच्या कपाटात होता.

आज दुपारी घरातलं ते कपाट उघडलं. आत काहीच नाही. वास मात्र आहे. तापलेल्या धुळीचा, वॉर्निशचा. दार तसंच उघडं ठेवून मी समोर बसलो आहे.