काळ्या गाडीचं तापलेलं बॉनेट

डिसेंबर २००६, रविवार सकाळ, हिंगोली. हजर: धाकटा भाऊ, भावजय, बाबा, मी. शिवाय नांदेडचा दलाल आणि त्याचा मेहुणा, जो दिवसभरात बहुतेक चार शब्द बोलला.

गाड्या दोन. दोन्ही जर्मन, दोन्ही जुन्या, सहा सिलिंडरच्या पेट्रोल, गिअर आपोआप पडणारे. एक चांदीच्या रंगाची, एक काळी. आमच्या गल्लीत अशी एक गाडी आली असती तरी पोरं जमली असती. दोन आल्यावर म्हातारी माणसंही ओट्यावर येऊन बसली.

भाऊ एसटीवर ड्रायव्हर. गाडी घ्यायची, नवरदेवांना आणि मोठ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची, आणि नोकरीचा राजीनामा द्यायचा, असं त्याचं ठरलं होतं. गाडी पसंत पडली की सोमवारी डेपोत जाऊन राजीनामा. भावजय आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "अक्का, तुमी एकदा नीट बघा. त्यांना आता काईच दिसून न्हाई राहिलं." लागलेली नोकरी सोडणारा आमच्या घरात तोवर कुणी नव्हता. म्हणून मी आले आणि काय काय बघायचं ते लिहून आणलं.

दलाल शनिवारी संध्याकाळीच गाड्या घेऊन आला होता. मुक्काम आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, लॉजवर. म्हणजे गाड्या रात्रभर उभ्या. आल्या आल्या मी चांदीच्या बॉनेटवर हात ठेवला. गार. काळीच्या ठेवला आणि पटकन उचलला.

"ही आत्ता कुठं जाऊन आली?"

"पेट्रोल टाकायला, मॅडम."

मी दार उघडून चावी फिरवायला लावली आणि पेट्रोलचा काटा बघितला. काटा तळाला टेकलेला.

"पंपावर गर्दी लई होती," दलाल म्हणाला. "वापस आलो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. शिरड शहापूरला शेती होती तेव्हा त्यांनी बरेच बैल घेतले. बैल बसलेला असताना उठवून बघायचा, हा त्यांचा नियम. लंगडा बैल विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधीच त्याला फिरवून आणतो. अंग तापलं की लंगडणं दिसत नाही. तापलेल्या इंजिनाचंही तसंच.

दलाल म्हणाला, स्टेशनापर्यंत चक्कर मारू, रस्ता गुळगुळीत आहे. भाऊ म्हणाला, "गुळगुळीत रस्त्यावर तर हातगाडीबी चांगली चालती." काळीत पेट्रोल भरून घेतलं आणि आम्ही औंढ्यावरून शिरड शहापूरपर्यंत गेलो. हा भावाचा रोजचा रस्ता, खड्ड्यांसकट पाठ.

जाताना चांदी; काळी दलालाने मागून आणली. स्टिअरिंग एका बोटावर फिरत होतं. खड्डा आला की खाली कुठेतरी धप् व्हायचं आणि सीटपर्यंत काही पोचायचं नाही. बाबा मागे बसून चक्क पेंगले. पण वळणावर गाडी एका अंगावर कलायची, आणि पाय दाबला की क्षणभर विचार केल्यासारखी थांबून मग पळायची. भावाचा डावा पाय क्लच शोधत होता. "लोण्यातून चालली," एवढंच म्हणाला. आवाजात काही नव्हतं.

येताना काळी. तिची सीट दोन्ही बाजूंनी कंबर धरून ठेवायची. स्टिअरिंग जड, पण वळवलं तेवढंच वळायचं, तसूभर कमीजास्त नाही. मागच्या चाकांनी ढकलल्यासारखी पुढे जायची, आणि ब्रेक लावला की जमिनीला चिकटायची. स्प्रिंगा मात्र कडक. डांबर कुठे उखडलंय ते पाठीच्या मणक्याला समजायचं. स्पीडब्रेकरवर भाऊ गाडी तिरपी घालत होता, पोट घासू नये म्हणून.

"नवरी बसंल का यात?" भावजय मागून म्हणाली. "मांडवात जाईस्तोवर कंबर मोडंल तिची."

"नवरीसाठी न्हाई घेऊन राहिलो."

"मग कुणासाठी?"

भाऊ हसला. औंढ्याच्या पुढे सरळ रस्ता लागला, त्याने पाय दाबला, आणि इंजिनाचा आवाज असा चढला की मला माझी यादी खाली ठेवावी लागली. इतकी वर्षं बस चालवणाऱ्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघितला. खरं सांगायचं तर मलाही ती गाडी आवडली. त्यामुळे संशय आणखी वाढला.

घरी आल्यावर मी म्हटलं, धंद्याला चांदी बरी. भाऊ म्हणाला, "चांदी चालवायची असंल तर माझी बस काय वाईट हाय? घेईन तर काळी."

"मग काळी आज रात्री आपल्या अंगणात लावा," मी दलालाला म्हटलं. "उद्या सकाळी गार असताना मी सुरू करून बघते. मगच बोलू."

दलालाने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने चपलेकडे.

"लेकरं ओरखडे काढतील, मॅडम."

"फाटक आहे. कुलूप लावते."

"अक्का, तू गाडी बघून राहिली का बैल?" भाऊ वैतागला. दलाल मोठ्याने हसला, गरजेपेक्षा जरा जास्तच. चांदी ठेवतो म्हणाला, आनंदाने. काळीचं दुसरं गिऱ्हाईक परभणीत वाट बघतंय, ते उरकून परवा येतो. गेला. परवाही आला नाही, नंतरही नाही.

भाऊ सोमवारी डेपोत गेला तो ड्यूटीवर. माझ्याशी थोडे दिवस तुटक बोलला. भावजयीने साडी देऊ केली, मी घेतली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तीच काळी कुरुंद्याच्या एका हळद व्यापाऱ्याने घेतल्याचं कळलं. वसमतच्या रस्त्यावर तिने भावाच्या बसला मागे टाकलं. जेवताना त्याने सांगितलं, "मस्त चालून राहिली." भाकरी मोडत राहिला. मी विचारलं, धूर वगैरे? "न्हाई." मी विचारलं, कदाचित दुरुस्त करून घेतली असेल? तो उठला, हात धुतले.

नंतर वर्षानुवर्षं तो तिला त्या रस्त्यावर बघत आला. कधी सांगायचा, कधी नाही. दुरुस्त केलेली की मुळातच धडधाकट, हे त्याला ठाऊक नाही, मलाही नाही. आमच्या ऑफिसात कुरुंद्याची एक बाई आहे. व्यापारी तिच्या शेजारचाच. चला, ओळख करून देते, असं तिने दोनदा म्हटलं. एका सकाळचं काम आहे. पण गाडी पहिल्यापासून धड होती असं तो म्हणाला, तर घरी येऊन भावाला काय सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कुरुंद्याला जायचं राहिलं आहे.