तिजारीच्या तापात सिंहगड

सिंहगडावर जावं असं मला कधी वाटलं नव्हतं. नारायण पेठेतल्या आमच्या माडीवरून तो दिसतो, तेवढा पुरत होता. पण कार्तिक लागला आणि गडावरचा एक शिपाई जावयांचा निरोप घेऊन दारात उभा राहिला.

आमचे जावई गडाच्या कोठीवर कारकून. माझी लेक यमुना तिथेच, शिबंदीच्या छावणीत, त्यांच्याबरोबर होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची होती. शिपाई म्हणाला, "ताईंचे पाय सुजलेत. गड उतरवू नका, म्हणतात वैद्य. आणि गडावरची सुईण गावाला गेलीय."

मला तेव्हा तिजारीचा ताप होता. एक दिवस हुडहुडी, दुसरा दिवस बरा, की पुन्हा हुडहुडी. काडेचिराइताचा काढा पिऊन तोंडाची चव गेली होती.

"तू जाऊन काय करणार?" हे म्हणाले. "आजारी माणूस तिथे एक आहेच."

"आई लागेल तिला."

"सुईण लागेल. विहीणबाईंना विचार."

विहीणबाई, म्हणजे जावयांच्या आई सगुणाबाई, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. पेठेतली कितीतरी बाळंतपणं त्यांच्या हातची. पण लग्नाच्या पंगतीत त्या आमच्या श्रीखंडाला आंबट म्हणाल्या होत्या, तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच. मी गेले. त्यांनी निरोप ऐकला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या पहाटे निघू. रडायचं असेल तर आजच रडून घ्या."

तापाचा मोकळा दिवस साधून आम्ही भाड्याच्या बैलगाडीने निघालो. कोणाला जायचं असेल तर सांगते, गाडी थेट डोणज्यापर्यंत ठरवा. नुसतं 'गडाकडे' म्हणालात तर खडकवासल्याला बैल दमतात. मुठेच्या काठाने वाट सपाट आहे, सावलीही बरी. खडकवासल्याला नदीवर हातपाय धुऊन दशम्या आणि मेतकूट खाल्लं. म्हणजे विहीणबाईंनी खाल्लं. मला वासानेच नको झालं.

डोणज्याच्या अलीकडे गाडीचा आस मोडला आणि सगळा हिशेब चुकला. उरलेली वाट पायी तुडवून गावात पोचेतो दिवस कलला. पाटलांच्या पडवीत मुक्काम झाला. गरम भाकरी, पिठलं आणि घोंगड्या त्यांनी न मागता दिल्या. सकाळी चौकशी केली, तर डोलीवाले भोई सरकारी कामाला गेलेले. आणि तो दिवस माझ्या तापाचा.

"चालवेल का?" विहीणबाईंनी विचारलं.

"ताप दुपारी चढतो. तोवर पोचू."

"तुम्हाला विचारून येतो वाटतं."

चढ उभा आहे. सुरुवातीला झाडी, मग उघडा डोंगर, आणि वारा असा की पदर सांभाळावा की तोल, कळत नाही. मी दर वळणाला बसत होते. विहीणबाई काही न बोलता शेजारी बसायच्या. त्यांच्या न बोलण्याचा मला राग येत होता. गडावर दही घेऊन निघालेली एक गवळण आमच्याबरोबर चालू लागली. तिने मला ताक दिलं. "हळू प्या, बाय. गड काय पळून चाललाय व्हय?"

ताप दुपारची वाट न पाहता आला. दात वाजायला लागले, पायांत काही उरलं नाही. विहीणबाईंनी माझं गाठोडं काखेत मारलं आणि स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली. तेवढ्यात वरून शिपाई पळत आला. यमुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

बाळंतपणात लेकीजवळ असावं म्हणून आले होते, ते आता साधणार नाही, हे मला कळलं. म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा."

"आणि तिला काय सांगू? आई वाटेत ठेवली?"

"सांगा, येतेय. पण तुम्ही जा."

त्या गेल्या. एकदाही न बसता त्या चढत राहिल्या आणि मी पाहत राहिले. मला मात्र गवळणीने बगलेत धरून वर नेलं. दह्याचं मडकं तिने शिपायाच्या डोक्यावर दिलं होतं. मध्ये काय काय झालं, मला नीटसं आठवत नाही. पुणे दरवाजाचा गार दगड गालाला लागला, तेवढं आठवतं.

जावयांच्या घरापाशी संध्याकाळी पोचले, तर विहीणबाई बाहेर भिंतीला टेकून बसलेल्या. चेहरा काळवंडलेला, छातीतून शिट्टीसारखा आवाज. त्यांना बोलता येईना. त्यांनी नुसता हात वर केला, आणि मी वाईट तेच समजले. मग आतून बाळाचं रडणं ऐकू आलं.

बऱ्याच वेळाने त्यांना श्वास सापडला. "मुलगी आहे. माझ्याच हातात आली. दोघी ठीक आहेत. नाक तुमच्याकडचं आलंय, त्याला इलाज नाही."

जावई घाबरून त्यांची पाठ चोळत होते. "आईला दमा आहे. पेठेतला चढसुद्धा झेपत नाही तिला."

मी दुसऱ्या दिवशी, ताप नसताना, त्यांना विचारलं, "दम्याचं बोलला का नाहीत?"

"तुम्ही दर वळणाला बसत होतात. मला सांगायची गरज पडली नाही."

"आणि शेवटी?"

"शेवटी तुम्ही जा म्हणालात."

मी त्यांचे पाय दाबायला बसले. त्यांनी दाबू दिले.

थोडे दिवस राहिले. देवटाक्याचं पाणी गोड आहे, थंडी मात्र हाडात शिरते. जाल तर रजई घेऊन जा. सुईण परतल्यावरही विहीणबाई बाळंतिणीसाठी मागे थांबल्या. मला भोयांनी डोलीतून उतरवलं, आणि चढताना न दिसलेली दरी डोळे मिटून घेतल्यामुळे उतरतानाही दिसली नाही.

आता घरी आहे. ताप गेला, अशक्तपणा आहे. शेजारणी येतात आणि विचारतात, गड कसा आहे? तटबंदी, बुरूज, वरून दिसणारं पुणं? मी खरं तेच सांगते. गड मी पाहिलाच नाही. एका गवळणीचा खांदा पाहिला, तिचं नाव विचारायचं राहिलं. नातीची मूठ पाहिली. आणि धाप लागलेली एक बाई माझ्या लेकीसाठी न थांबता चढताना पाहिली. एवढं बघायला मिळालं, तर बुरूज राहिले तरी चालतात.