ओटीवरची सावड

वडखळच्या नाक्यावर बाबांनी मला रोह्याच्या एसटीत बसवून दिलं, तेव्हा मांडीवर कपड्यांची बॅग होती आणि बॅगेवर पोह्याच्या पापडांचा पत्र्याचा डबा. लग्नाला महिना झाला होता. नवरा रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत कामाला, तो आधीच पुढे जाऊन खोली बघून आला होता. आई नाक्यापर्यंत आलीच नाही. "रोह्याला चाललीस, अमेरिकेला नाय. रडायचं काय त्यात?" असं घरातच म्हणाली आणि पाठ फिरवून चुलीकडे गेली. म्हणजे रडायला गेली, हे मला कळलं आणि तिलाही कळलं की मला कळलं.

आमच्या गावची मुलं दुबईला गेली, मस्कतला गेली. त्यांना पोचवायला गाड्या भरून माणसं गेली. मी गेले ती धरमतरच्या खाडीकाठावरून रोह्याला, त्याच जिल्ह्यात. लांब गेलेल्यांनो, तुम्ही हसाल, तर हसा. पण सासर, खोली, नोकरी सगळं दुसऱ्या गावात असलं की आईच्या ओटीवर आपण पाहुणेच होतो, मग मधे समुद्र असो की निडीचं एवढंसं स्टेशन. एक मात्र खरं, रोह्याच्या खोलीत नळाला रोज पाणी यायचं. गोड्या पाण्याची वाट बघणाऱ्या खारेपाटातल्या मुलीला सासर आवडायला तेवढं पुष्कळ होतं.

मीही पुढे एका कंपनीत डिस्पॅचला लागले. जेवणाच्या सुट्टीत आईचे पापड तळून न्यायचे. बरोबरच्या बायकांनी आधी चव घेतली, मग डबे मागितले, मग त्यांच्या पुण्या-नाशकाच्या बहिणींनी मागितले. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाला, इन्स्टाग्रामवर फोटो गेले. पहिली काही पार्सलं पोचली ती पापडांचा चुरा होऊन. एका बाईंनी लिहिलं, "चव छान आहे, पण आम्ही चमच्याने खाल्ले." मग डिस्पॅचमधली अक्कल घरी वापरली. पापडांच्या चवडीला खाली-वर पुठ्ठा लावून खोका घट्ट भरायला लागले, तेव्हा तक्रारी थांबल्या. शिफ्ट संपली की पॅकिंग, पॅकिंग संपलं की स्वयंपाक. नवरा म्हणायचा, हिचा जोडधंदा कोणता आणि नोकरी कोणती तेच समजत नाही. शेवटी मला समजलं. मी राजीनामा दिला, स्वतःची वेबसाइट काढली आणि सीझनभराच्या ऑर्डरी आधीच घेऊन बसले.

पापड लाटले जायचे आमच्या गावात, आईच्या ओटीवर. गावात पापड कधी एकटी बाई लाटत नाही. सावड असते, म्हणजे कामाची फेड कामानेच. आज आमच्याकडे, उद्या शेजारच्या हिराकाकूकडे, परवा तिच्या जावेकडे. पिठाला तेलाचा हात लावून ते कुटायचं, दोऱ्याने लाट्या कापायच्या आणि गोल बसून लाटायला घ्यायचं. कोणाला कोणी मजुरी देत नाही. चहा, कच्च्या लाट्या आणि गावभरच्या सुनांची निंदा, एवढ्यावर दिवस जातो. माझ्या लहानपणापासून हे असंच चालत आलंय.

आता माझ्या ऑर्डरी वाढल्या आणि आईच्या ओटीवरचे दिवसही वाढले. मला ते खटकायला लागलं. धंदा माझा, पैसे मला येणार आणि या बायका फुकट राबणार, हे काही बरं नाही. म्हणून शिमग्यानंतरच्या पहिल्या लाटणीला मी प्रत्येकीच्या नावाचं पाकीट घेऊन गेले आणि संध्याकाळी हातात दिलं. मनात म्हटलं, खूश होतील. हिराकाकूने पाकीट घेतलं, पदराला हात पुसले आणि घरी गेली. बाकीच्याही गेल्या.

दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आईने मला फोन केला नाही. माल का येत नाही म्हणून मीच केला, तर म्हणाली, "पापड होतील गो. मी लाटते हाय. मानसं कुठनं आणू?"

मी तशीच गावी गेले. दुपारची वेळ होती. एवढ्या मोठ्या ओटीवर एकच पोळपाट मांडलेला आणि आई एकटी लाटत बसलेली. पीठ ताठरलं होतं. ऑर्डरींची काळजी वाटेवरच संपली. ज्या ओटीवर मी आईला कधी एकटी पाहिली नव्हती, ती ओटी मी एका दिवसात रिकामी केली होती, एवढंच डोक्यात राहिलं.

हिराकाकूच्या घरी गेले. काकू वाल सोलत होती.

"काकू, रागावलीस व्हय?"

"राग कसला? मजुरी दिलीस, हिशोब फिटला. फिटल्यावर यायचं कशाला?"

"पण माझ्या धंद्यासाठी तुम्ही फुकट किती दिवस लाटायचं?"

"फुकट कोण बोल्ला तुला?" काकूने सूप बाजूला ठेवलं. "तुझ्या दिवसाचं तुझी आई फेडत व्हती. आमच्याकडं दोनदा यायची, एकदा तिचं, एकदा तुझं. जावेच्या दारात पन तसंच. तुला नाय सांगितलं तिनं?"

नव्हतं सांगितलं. आईचे खांदे दुखतात म्हणून मी तिला रोह्याहून मलम पाठवत होते.

मला रडू आलं आणि राग पण आला. काकू मात्र व्यवहाराला पक्की. म्हणाली, "धंद्याचे पैशे घेऊ ना. चांगले मोजून घेऊ. पन आईच्या ओटीवर नाय. तुझं दुकान रोह्याला, तर आमाला तिकडं बोलव."

तसं केलं. रोह्यात एक गाळा भाड्याने घेतला. आता सीझनला त्या बायका वडखळहून सकाळच्या गाडीने येतात, गाळ्याला त्या 'कंपनी' म्हणतात. "उद्या माजी फर्स्ट शिफ्ट हाय" असं सुनेला ऐकवतात. दर ठरवताना हिराकाकूने मला अशी पिळली की माझ्या जुन्या साहेबाने तिच्याकडून शिकावं. गाडीभाडं वेगळं, चहा वेगळा. धंदा नीट चालला आहे. आईला मी गाळ्यात बोलावलं तर म्हणाली, "मी पगारी नाय." आली नाही.

पण तिची ओटी त्या वर्षी तशीच राहिली. घरापुरते पापड तिने एकटीने लाटले. बायका दारावरून जायच्या, बोलायच्या, पण ओटीवर बसायला काही कारण उरलं नव्हतं. देणं-घेणं सगळं मिटलं होतं, आणि मिटवलं होतं मी. मिटलेलं पुन्हा सुरू करायचं तर कोणीतरी आधी कोणाच्या तरी दारात जाऊन बसायला हवं. आई जाणार नव्हती. हट्टात ती माझीच आई.

यंदाच्या चैत्रात मी वेबसाइटवर लिहिलं, 'काही दिवस ऑर्डर घेतल्या जाणार नाहीत'. लोकांनी विचारलं, सीझनमध्ये? मी म्हटलं, घरचं काम आहे. खोटं नव्हतं. ओटीवर पाय टाकला की मी पाहुणी, हे मला कितीतरी वर्षं टोचत होतं. पाहुण्याला कोणी सावडीतला दिवस देत नाही आणि तो आला नाही म्हणून कोणी वाटही बघत नाही. घर कुठलं असं आता कोणी विचारलं, तर मी म्हणेन, जिथे सावडीत माझा दिवस धरलेला असतो ते.

पोळपाट-लाटणं घेऊन हिराकाकूच्या दारात गेले. तिने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, फक्त सरकून जागा केली. माझे पहिले पापड तिने उन्हाकडे धरून बघितले आणि परत लाटायला दिले. दिवसभर लाटलं. दुसऱ्या दिवशीही गेले. तिचं पीठ संपलं, मग तिच्या मुलीसाठीचं निघालं, तेही लाटलं. खांद्यांत कळा यायला लागल्या, तेव्हा आई काय फेडत होती ते मला खरं समजलं.

संध्याकाळी चटईवर पापड पसरून झाल्यावर काकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिने मनातल्या मनात दिवसांचा हिशोब जुळवला, आणि जरा चिडूनच म्हणाली, "जास्त लाटलंस गो तू. आता मला तुझ्या आईकडं यायला लागंल."

मग कुंपणापलीकडे तोंड करून तिने आईला हाक मारली आणि विचारलं, पीठ कधी भिजवतेस.